घटक ६ : सुटीतील आठवण आणि गीतरचना
(जोनी मिचेल यांचे मातला)

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आठवणीपर गद्य आणि आठवणीपर गीत यांतील भेद तुम्हाला सोदाहरण स्पष्ट करता येईल. प्रत्यक्ष अनुभवातील कोणते तपशील गीतात येतात, कोणते गाळले जातात आणि ते का, याचा विचार करता येईल. स्वतःच्या एखाद्या प्रवासाकडे व त्या प्रवासात जडलेल्या मैत्रीकडे लेखनाचे द्रव्य म्हणून पाहण्याची दृष्टी लाभेल, अशीही अपेक्षा आहे.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्र-मैत्रिणींनो, मागील घटकांत आपण प्रवासवर्णन आणि ललित निबंध या प्रकारांचा परिचय करून घेतला. या दोन्ही प्रकारांत लेखकाला ऐसपैस जागा असते. मीना प्रभू यांना ‘ग्रीकांजली’मध्ये ग्रीस दाखवण्यासाठी अख्खा ग्रंथ उपलब्ध असतो. त्यांना वाट चुकता येते, थांबता येते, इतिहासात डोकावून परत येता येते. गीतकाराजवळ मात्र तीन-चार मिनिटांचा अवधी असतो, आणि त्यातही ध्रुवपद पुन्हा पुन्हा यावयाचे असते. एवढ्याशा जागेत एक गाव, एक ऋतू आणि एक माणूस कसा मावतो, हा या घटकाचा प्रश्न आहे.

उदाहरण मराठीबाहेरचे निवडले आहे, त्याला कारण आहे. मराठी भावगीतात शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची आणि स्वर तिसऱ्याचा, अशी श्रमविभागणी बहुधा असते. त्यामुळे भावगीतातील ‘मी’ हा कवीचा खाजगी ‘मी’ आहे असे आपण गृहीत धरत नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु १९६० नंतर अमेरिका व कॅनडा येथे गीतकार-गायकांची जी परंपरा बहरली, तिच्यात शब्द, चाल आणि गळा एकाच व्यक्तीचा असतो. तेथे श्रोता गाणे ऐकताना नकळत चरित्रही ऐकू लागतो. आठवण आणि कलाकृती यांच्यामधील अंतर तपासण्यासाठी ही परंपरा म्हणूनच सोयीची आहे. तिच्यातील एक श्रेष्ठ नाव जोनी मिचेल यांचे. आणि सुटीत जुळलेले संगीत व मैत्री यांचे उत्तम उदाहरण म्हणजे १९७० साली क्रीट बेटावरील मातला या गावी त्यांनी काढलेले दिवस.

६.२ प्रवासापूर्वीची पार्श्वभूमी

जोनी मिचेल यांचा जन्म ७ नोव्हेंबर १९४३ रोजी कॅनडातील अल्बर्टा प्रांतात फोर्ट मॅक्लाउड येथे झाला. माहेरचे आडनाव अँडरसन. बालपण कडाक्याच्या थंडीच्या मैदानी प्रदेशात गेले. वयाच्या नवव्या वर्षी पोलिओ झाला. पुढे गिटार शिकताना डाव्या हाताच्या बोटांत पुरेसे बळ नसल्याने प्रचलित पद्धतीने तारा दाबणे त्यांना अवघड जाई. त्यांनी हाताला बदलण्याऐवजी तारांनाच बदलले. म्हणजे गिटारच्या तारा नेहमीहून वेगळ्या स्वरांत लावून घेतल्या. त्यांच्या संगीताला जो अनोखा रंग आहे, त्याचा उगम या अडचणीत आहे.

१९७० च्या आरंभी त्या कीर्तीच्या ऐन भरात होत्या. लॉस एंजलिसमधील लॉरेल कॅन्यन या टेकडीवरील वस्तीत त्यांचे घर होते आणि गायक-गीतकार ग्रॅहम नॅश त्यांच्यासोबत राहत होते. या घरातील सुखावर नॅश यांनी एक गाणे रचले, ते आजही लोकप्रिय आहे. विवाहाची शक्यता समोर होती. मिचेल यांनी पुढे सांगितलेली एक गोष्ट येथे लक्षात घ्यावी लागते. त्यांच्या दोन्ही आज्यांना संगीताची ओढ होती आणि दोघींनाही संसारात ती पुरवता आली नाही. एका आजीला पियानो हवा होता. तो मिळणार नाही हे कळल्यावर चौदा वर्षांची असताना ती शेवटची रडली. दुसरीने एकदा संतापून स्वयंपाकघराच्या दाराला अशी लाथ मारली की ते बिजागऱ्यांतून निखळले. आपण लग्न केले तर आपलेही तेच होईल काय, हा प्रश्न मिचेल यांच्या मनात होता. या घटकाचा अभ्यास करणाऱ्या अनेक भगिनींना ही गोष्ट परकी वाटणार नाही.

त्यांनी काही काळ जाहीर कार्यक्रम थांबवले आणि युरोपचा प्रवास धरला. क्रीटहून त्यांनी नॅश यांना तार पाठवली. वाळू मुठीत आवळली की निसटते, अशा आशयाच्या त्या तारेने सहजीवन संपल्याचे कळवले. नॅश यांच्या आत्मकथनानुसार त्या वेळी ते मिचेल यांच्याच स्वयंपाकघराची फरशी करण्यात गुंतले होते. तेव्हा, ही सुटी होती हे खरे. पण ती मौजेखातर घेतलेली सुटी नव्हती.

६.३ मातला

क्रीट हे ग्रीसचे सर्वांत मोठे बेट. त्याच्या दक्षिण किनाऱ्यावर, लिबियन समुद्राकडे तोंड करून मातला हे मच्छीमारांचे लहानसे गाव वसले आहे. समुद्रापलीकडे थेट आफ्रिका. तिकडून येणारा उष्ण, धुळीचा वारा कधी कधी रात्रभर वाहतो. उपसागराच्या एका अंगाला तिरप्या थरांचा मऊ खडकाचा कडा आहे आणि त्यात माणसांनी कोरलेल्या गुहांच्या रांगा आहेत. त्यांचा रोमन काळात दफनासाठी उपयोग होत असे, असे पुरातत्त्वज्ञ मानतात. बैलाचे रूप घेतलेल्या झ्यूसने युरोपा या राजकन्येला पाठीवर बसवून याच किनाऱ्यावर आणले, अशी तेथील लोकश्रुती आहे.

१९६० नंतरच्या दशकात या गुहांत भटके तरुण राहू लागले. अमेरिकी, कॅनेडियन, युरोपीय. कोणी व्हिएतनाम युद्धाच्या सावटातून निसटलेले, कोणी नुसतेच कंटाळलेले. १९६८ मध्ये अमेरिकेच्या ‘लाइफ’ नियतकालिकाने त्यांच्यावर सचित्र वृत्तान्त छापला आणि गाव जगाच्या नकाशावर आले. येथे एक विसंगती नोंदवणे आवश्यक आहे. ज्या देशात ही मुले मुक्त जीवन शोधत होती, तो ग्रीस १९६७ ते १९७४ या काळात लष्करी राजवटीखाली होता. पाहुण्यांना उन्हाळा मिळाला, यजमानांच्या वाट्याला दहशत होती. मिचेल यांच्या गीतांत या गोष्टीचा उल्लेख नाही. आठवणीपर लेखनाची ही मर्यादा म्हणावी की त्याचा स्वभाव, याचा निर्णय तुम्ही स्वतः करा. माझ्या मते तो स्वभाव आहे, परंतु अभ्यासकाने तो न पाहिल्यासारखे करू नये.

मिचेल एका कवयित्री मैत्रिणीसह तेथे पोहोचल्या. आरंभी त्यांनी एक साधी खोली भाड्याने घेतली, नंतर गुहेतही मुक्काम केला. गावात ‘मरमेड कॅफे’ नावाचे खाणावळवजा ठिकाण होते. मिचेल यांनी मुलाखतींत सांगितलेला किस्सा असा : त्या बाहेर असताना अचानक स्फोटाचा आवाज झाला आणि फेटा बांधलेला, तांबूस केसांचा एक माणूस कॅफेच्या दारातून बाहेर फेकला गेला. आतला गॅसचा चुला पेटवताना भडका उडाला होता. हा तेथील अमेरिकी आचारी. हातात काठी, बोलणे फटकळ, वागणे अरेरावीचे. असे आगमन झालेल्या माणसाशी ओळख करून घेतलीच पाहिजे, असे मिचेल यांना वाटले. त्याच्याशी झालेल्या मैत्रीतून ‘केरी’ हे गीत जन्मले.

६.४ मांडीवरचे वाद्य

गिटार हे मोठे वाद्य. प्रवासात मिचेल यांच्याबरोबर होते ते डल्सिमर. अमेरिकेच्या अ‍ॅपलाचियन डोंगराळ भागातील हे लोकवाद्य लांबट, हलके, तीन किंवा चार तारांचे असते आणि मांडीवर आडवे ठेवून वाजवतात. एका तारेवर सुरावट चालते, बाकीच्या तारा बहुधा एकच स्वर धरून राहतात. एकतारीच्या किंवा तंबोऱ्याच्या आधारस्वराशी परिचित असलेल्या आपल्या कानाला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. पडदेही मोजके असतात. सर्व अर्धस्वर त्यावर मिळत नाहीत.

हे वाद्य दुसऱ्या कोणाला वाजवताना फारसे न पाहता मिचेल यांनी ते आपल्या पद्धतीने हाताळले. तारा छेडण्याबरोबर त्यांवर थाप मारीत त्या लय धरू लागल्या. याचा परिणाम गीतरचनेवर झाला. गिटारवर त्यांच्या स्वरसंगती गुंतागुंतीच्या होत. डल्सिमरवर तेवढ्या शक्यताच नसल्याने चाल सरळ, नाचरी आणि उघड्यावर गाण्याजोगी झाली. साहित्याच्या विद्यार्थ्याने यातून घ्यावयाचा मुद्दा असा की, आठवणीचा घाट साधनानेही ठरतो. खिशातल्या वहीत लिहिलेले आणि घरी परतून टेबलाशी बसून लिहिलेले, यांत फरक पडतो. तसाच हा फरक आहे.

६.५ गीतात काय आले, काय गाळले

‘केरी’ हे गीत २२ जून १९७१ रोजी प्रकाशित झालेल्या ‘ब्लू’ या ध्वनिमुद्रिकेत समाविष्ट आहे. ते मिळवून एकदा अवश्य ऐका. हा परिच्छेद त्यानंतर वाचलात तर अधिक उत्तम.

गीतातील ‘मी’ निघण्याच्या तयारीत आहे. आफ्रिकेकडून आलेल्या वाऱ्याने तिला झोप लागू दिलेली नाही. नखांत मळ आहे, पायांना किनाऱ्यावरचे डांबर लागले आहे, आणि आता तिला स्वच्छ चादरी व अत्तर यांची आठवण येते आहे. येथे थांबून पाहा. उष्ण प्रदेशातील सुटीविषयी लिहिताना सर्वसाधारण लेखक निळा समुद्र, सोनेरी वाळू आणि चांदणे यांपासून आरंभ करील. मिचेल यांनी आरंभ केला तो गैरसोयीपासून. चांदणे येते, पण नंतर, आणि त्याच्या खाली कुठेतरी खरखरत्या तबकडीवर रॉक संगीत चालू असते. सौंदर्यावर विश्वास बसावा म्हणून त्याला थोडी धूळ लावावी लागते, हे त्यांना ठाऊक आहे.

दुसरे वैशिष्ट्य काळाच्या योजनेचे. गद्य आठवण बहुधा भूतकाळात सांगितली जाते : ‘तेव्हा आम्ही तेथे होतो.’ हे गीत वर्तमानकाळात आहे आणि त्याची नजर भविष्याकडे आहे. कदाचित अ‍ॅमस्टरडॅमला जाईन, कदाचित रोमला, असे ती म्हणते. कडव्यांत जाण्याची भाषा आहे, तर ध्रुवपदात कॅफेत जाऊन आजची रात्र साजरी करण्याचे आमंत्रण. कडवे निरोप घेते आणि ध्रुवपद पुन्हा बसवून ठेवते. ही ओढाताण कोठेही शब्दांत स्पष्ट केलेली नाही. ती रचनेतच आहे. ध्रुवपद हे केवळ पुनरावृत्तीचे साधन असते असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावे.

तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चुल्याचा स्फोट गीतात नाही. साऱ्या वास्तव्यातील सर्वांत नाट्यमय, सांगण्याजोगा, मैफलीत हशा मिळवणारा प्रसंग गीतकाराने वगळला. का? तो प्रसंग ओळख कशी झाली ते सांगतो; मैत्री कशी होती ते सांगत नाही. गीताला हवी होती ती दुसरी गोष्ट : हा माणूस तापट आहे, त्रास देतो, आणि तरीही आवडतो. किस्सा आणि आठवण या दोन वेगळ्या वस्तू आहेत. किस्सा सांगून संपतो, म्हणून तो श्रोत्यांसमोर बोलताना शोभतो. आठवण सांगूनही शिल्लक राहते.

तार, नॅश आणि आज्या यांपैकीही काही या गीतात नाही. तरी ‘मी’ इतकी निघून जाण्याची भाषा का करते, हे आपल्याला पार्श्वभूमीमुळे अधिक उमगते. जी स्त्री एका घरातून नुकतीच निघाली आहे, ती कड्यातल्या गुहेतही फार काळ घर करणार नाही. मात्र सावध राहा. चरित्र माहीत नसलेल्या श्रोत्यालाही हे गीत पूर्ण वाटते. चरित्राने अर्थाला खोली येते. ते नसेल तर अर्थच राहत नाही, अशी रचना असेल तर ती रचना दुबळी म्हणावी लागेल.

तुलनेसाठी मिचेल यांचेच ‘बिग यलो टॅक्सी’ घ्या. तेही उष्ण प्रदेशातील मुक्कामातून आले. हवाईला पहिल्यांदा गेल्या असता सकाळी त्यांनी हॉटेलच्या खिडकीचा पडदा सारला. दूरवर हिरवे डोंगर दिसले, आणि खाली पाहिले तर नजर पोहोचेल तेथवर मोटारी उभ्या करण्याचे मैदान. त्या धक्क्यातून गीत झाले. तेथे पाहणारी व्यक्ती खिडकीतून पाहते, म्हणून गीत विधानाकडे, इशाऱ्याकडे वळते. मातलात तिच्या पायांना डांबर लागले आहे, म्हणून गीत माणसाकडे वळते.

स्वयं-अध्ययन प्रश्न : तुम्ही वाचलेल्या एखाद्या मराठी प्रवासवर्णनातील एक प्रसंग निवडा. त्यावर गीत लिहावयाचे झाल्यास कोणता तपशील ठेवाल आणि कोणता आकर्षक तपशील जाणीवपूर्वक सोडाल? दहा ओळींत उत्तर लिहा.

६.६ मैत्रीची दुसरी बाजू

क्रीटहून मिचेल पॅरिसला गेल्या. तेथील थंडीत घरची ओढ लागून त्यांनी ‘कॅलिफोर्निया’ हे गीत रचले. तेही ‘ब्लू’मध्येच आहे. त्याच्या एका कडव्यात ग्रीक बेटावरचा एक गडी पुन्हा भेटतो. त्याने तिची मरगळ घालवली, हे ती मान्य करते. परंतु तिचा कॅमेरा विकण्यासाठी ठेवून घेतला, हेही सांगून टाकते. हा गडी म्हणजे तोच आचारी, असे सामान्यतः समजले जाते. एकाच मैत्रीच्या या दोन नोंदी आहेत, एक जवळून आणि एक दुरून. पहिलीत रागाला लाडाचे रूप आहे, दुसरीत हिशेब. कोणती खरी? दोन्ही. एकाच माणसाविषयी आपल्या मनात दोन गीते असू शकतात, आणि प्रामाणिक लेखक त्यांपैकी एक फाडून टाकत नाही.

येथे नीतीचाही प्रश्न उद्भवतो. मित्राला गीतात आणताना त्याची परवानगी लागते काय? ‘ब्लू’च्या वेळी आपल्या अंगावर सिगारेटच्या पाकिटावरील पारदर्शक कागदाइतकेही आवरण नव्हते, अशा अर्थाचे उद्गार मिचेल यांनी नंतर काढले. स्वतःला इतके उघडे करणारी लेखिका इतरांनाही उघडे करते, हे अपरिहार्य आहे. त्यांच्या बाजूने इतकेच म्हणता येईल की, त्यांनी सर्वांत कठोर प्रकाश स्वतःवर धरला.

त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस इंग्लंडमधील आइल ऑफ वाइट बेटावर लाखोंच्या जमावापुढे मिचेल गात होत्या. जमाव अस्वस्थ होता. एक तरुण मंचावर चढला आणि त्याने ध्वनिक्षेपकाचा ताबा घेण्याचा प्रयत्न केला. तो मातलाच्या गुहांतील ओळखीचा निघाला. योगासनांचा पहिला धडा मिचेल यांना त्यानेच दिला होता. कार्यकर्त्यांनी त्याला ओढून नेले, जमाव खवळला. मिचेल यांनी रडवेल्या स्वरात श्रोत्यांना सुनावले की तुम्ही पर्यटकांसारखे वागत आहात, आम्हाला थोडा मान द्या. जमाव शांत झाला आणि त्यांनी कार्यक्रम पूर्ण केला. ‘केरी’मध्ये त्या मातलालाही पर्यटकांचे गाव म्हणतात, हे लक्षात घेतले म्हणजे या शब्दाचे त्यांच्या लेखी वजन किती होते ते कळते. पाहून, वापरून निघून जाणारा तो पर्यटक. आपण स्वतः त्यातलेच आहोत काय, ही शंका त्या गीताच्या तळाशी आहे.

६.७ गीताचे पुढील आयुष्य

गुहांतील वस्ती पुढे पोलिसांनी उठवली. आता तो संरक्षित पुरातत्त्वस्थळाचा भाग आहे, आणि गावात २०११ पासून संगीत महोत्सव भरू लागला. ‘ब्लू’चे मोल काळाबरोबर वाढत गेले, ‘रोलिंग स्टोन’ नियतकालिकाने २०२० मध्ये केलेल्या पाचशे श्रेष्ठ ध्वनिमुद्रिकांच्या यादीत तिला तिसरे स्थान मिळाले. अशा याद्यांना फार महत्त्व देऊ नये, तथापि एका खाजगी सुटीची नोंद इतकी दूर पोहोचली, एवढे त्यावरून दिसते.

२०१५ मध्ये मिचेल यांना मेंदूतील रक्तवाहिनीचा गंभीर विकार झाला. बोलणे, चालणे पुन्हा शिकावे लागले. गिटारवर बोटे कोठे ठेवावयाची हेही त्या स्वतःच्या जुन्या चित्रफिती पाहून शिकल्या. ज्या हाताने एकदा स्वतःची पद्धत शोधली होती, त्याला तीच पद्धत बाहेरून परत मिळवावी लागली. घरी मित्रमंडळी जमत, गाणी म्हणत. २४ जुलै २०२२ रोजी न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवात त्या अनपेक्षितपणे मंचावर आल्या. वय ७८. भोवती घरच्या बैठकीप्रमाणे मित्रगायक अर्धवर्तुळात बसले होते. त्या कार्यक्रमाचा आरंभ ‘केरी’ने झाला. सव्विसाव्या वर्षी एका स्त्रीने निघून जाण्यासाठी रचलेले गीत तिच्या परतण्याचे गीत ठरले, आणि आता ते एकटीने म्हणावे लागले नाही.

पारिभाषिक शब्द

गीतकार-गायक : स्वतःच लिहिलेल्या व स्वतःच चाल दिलेल्या रचना गाणारा कलावंत.
आधारस्वर : सुरावट चालू असताना अखंड वाजत राहणारा स्थिर स्वर.
आठवणीपर गीत : प्रत्यक्ष अनुभवाच्या स्मरणावर आधारलेली, परंतु त्या अनुभवाची माहिती नसतानाही स्वतंत्रपणे उभी राहणारी गेय रचना.

स्वाध्याय

१. ‘किस्सा सांगून संपतो, आठवण सांगूनही शिल्लक राहते’ या विधानाची ‘केरी’ या गीताच्या आधारे चर्चा करा.
२. ‘केरी’ आणि ‘कॅलिफोर्निया’ यांतील एकाच व्यक्तीच्या चित्रणातील फरक दृष्टिकोनाच्या अंगाने स्पष्ट करा.
३. मातला येथील तत्कालीन राजकीय परिस्थितीचा गीतात उल्लेख नसणे, हे तुम्हाला उणीव वाटते काय? सकारण लिहा.

क्षेत्रीय कार्य

घरापासून दूर काढलेल्या दिवसांत तुमची ज्याच्याशी वा जिच्याशी मैत्री झाली आणि पुढे भेट झाली नाही, अशी एक व्यक्ती आठवा. कामानिमित्तचा मुक्काम, यात्रा, लग्नघर, रुग्णालयातील शेजारची खाट, काहीही चालेल. त्या व्यक्तीविषयी दोन स्वतंत्र मजकूर लिहा, प्रत्येकी बारा ओळींचा. पहिला ती व्यक्ती समोर बसली आहे असे समजून, दुसरा तिला तो कधीच वाचावयास मिळणार नाही असे समजून. दोन्हींत किमान एक गैरसोयीचा तपशील असावा. अभ्यासकेंद्रावरील संमंत्रण-सत्रात यांपैकी कोणता वाचून दाखवायचा, ते तुमचे तुम्ही ठरवा. दुसरा दाखवण्याचे बंधन नाही.